तांबड्या मोटारीची पुंगळी

सायलेन्सरवाल्याकडं गिऱ्हाईक कधी गुपचूप येत नाही. ते गल्लीच्या तोंडाला असतानाच कळतं की आलं म्हणून. उद्यमनगरात माझं दुकान होतं तेव्हा मी पाठमोरा बसून सांगायचो : ही बुलेट हाय, हिची पुंगळी काढलेली हाय, आणि हिच्या मालकाचं लग्न ठरंना झालंय. पहिल्या दोन गोष्टी कानानं कळायच्या, तिसरी अनुभवानं.

माझं नाव दस्तगीर. पण कोल्हापुरात त्या नावानं मला फक्त पोस्टमन ओळखतो. बाकी सगळ्यांना मी पुंगळी मिस्त्री. एका गिऱ्हाइकानं तर पोराच्या लग्नाची पत्रिका ‘श्री. पुंगळी मिस्त्री, सहकुटुंब’ अशी लिहून पाठवली. आमचं कुटुंब आठवडाभर फणफणत होतं. जेवायला मात्र आलं.

माहीत नसलेल्यांसाठी धंदा सांगतो. इंजिनात पेट्रोलचे बारीक बारीक स्फोट होत असतात. तो सगळा दंगा आणि धूर मागच्या नळकांड्यातनं बाहेर पडतो. त्या नळकांड्यात पडदे असतात, भोकांची नळी असते, काचेचा कापूस असतो. धूर त्यातनं वळसे घेत बाहेर येईतोवर त्याचा राग शांत होतो. ती आतली भोकांची नळी म्हणजे पुंगळी. ती उपसून काढली की गाडी वाघासारखी ओरडते, असं पोरांना वाटतं. वाघासारखी बिघासारखी काय न्हाय, ढेकर देती नुसती. पण ज्याचं त्याचं कौतुक.

एक बापलेक माझ्याकडं यायचे. सकाळी पोरगं यायचं, ‘मिस्त्री, पुंगळी काढा, बाबांना सांगू नका.’ दोन दिवसांनी बाप यायचा, ‘मिस्त्री, पुंगळी बसवा, पोराला सांगू नका.’ गाडी तीच, पुंगळी तीच. हे कितीतरी महिने चाललं होतं. मी आपला गंभीर चेहरा करून एकदा काढायचो, एकदा बसवायचो. दोघंही मला म्हणायचे, ‘मिस्त्री, तुमच्यासारखा विश्वासाचा माणूस न्हाय.’

राधानगरीकडचे एक गुरुजी स्कूटर घेऊन आले. ‘चढाला दम खातीया, हिला दमा झालाय काय बगा.’ सायलेन्सर काढून ठोकला तर आतनं मातीची ढेकळं पडली. कुंभारमाशीनं आत घर बांधलं होतं. मी माती झाडायला लागलो तर गुरुजींनी माझा हात धरला. सगळी ढेकळं धोतराच्या सोग्यात बांधून शाळेतल्या पोरांना दाखवायला घेऊन गेले. सायलेन्सर परत बसवायचा राहिलाय, हे त्यांना रंकाळ्याजवळ गेल्यावर कळलं. मला मात्र ते निघाल्या निघाल्याच ऐकू आलं होतं.

वाईट एकाच गोष्टीचं वाटतं. अलीकडं पोलीस मोठ्या आवाजाचे सायलेन्सर जप्त करतात, रस्त्यावर ओळीनं मांडतात आणि वरनं रोडरोलर फिरवतात. लोक टाळ्या वाजवतात. माझ्या हातची कितीतरी बाळं अशी चपटी झाली. कायदा बरोबर हाय, म्हाताऱ्याकोताऱ्यांना त्रास होतो, मी स्वतः आता म्हातारा झालोय. पण त्यातल्या एका पाईपाचं वेल्डिंग माझं होतं, मी लांबनं ओळखलं, आणि मान फिरवून घरी आलो.

तर आता आप्पांची गोष्ट.

आप्पा म्हणजे गवळी. बाप गवळी, आजा गवळी. गंगावेशीत कट्ट्यावर म्हैस उभी करून गिऱ्हाइकाच्या समोर पेल्यात धार काढून द्यायची, हा त्यांचा धंदा. आणि वर्षातनं एकदा, दिवाळीच्या पाडव्याला, त्यांचा खरा दिवस.

पाडव्याला कोल्हापुरात म्हशी पळवतात. बाहेरच्या माणसाला सांगितलं की तो हसतो, म्हणून नीट सांगतो. म्हशीची शिंगं रंगवायची, अंगावरचे केस कातरून नक्षी काढायची, गळ्यात कवड्यांची माळ, शिंगांना मोरपिसं. मग मालक मोटारसायकलवर पुढं आणि म्हैस मागं. दोरी नाही, काठी नाही. गाडीचा आवाज ओळखून म्हैस आपल्या मालकामागं सुटते. शेजारी दहा गाड्या ओरडत असल्या तरी ती आपलीच गाडी धरते. ज्याची म्हैस मागं आली त्याची मान वर्षभर ताठ. ज्याची मध्येच थांबून दुसऱ्याच्या दारातला ऊस खायला लागली, त्यानं पुढच्या पाडव्यापर्यंत गल्लीत शिंकायचंसुद्धा नाही.

आप्पांची म्हैस मैना. शिंगं पार पाठीपर्यंत गेलेली, चाल एखाद्या पाटलिणीची. मैना आप्पांच्या मागं अशी जायची की लोक म्हणायचे, ह्यांची बायको पण इतकी मागं येत न्हाय. हे आप्पांच्या बायकोसमोर, म्हणजे आक्कांसमोर म्हणायचे, आणि आक्का म्हणायच्या, ‘मग तिलाच भाकरी करायला सांगा की.’ दर दिवाळीच्या आधी आप्पा गाडी घेऊन माझ्या दुकानी यायचे आणि आवाज लावून घ्यायचे. दुसऱ्या कुणाच्या हाताला गाडी द्यायचे नाहीत.

गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात आप्पा शेवाळावरनं गाडीसकट घसरले. खुब्याचं हाड मोडलं. डॉक्टर म्हणाले, दोन चाकांचं नाव काढायचं नाही. आक्कांनी ते ऐकलं आणि आप्पा दवाखान्यात असतानाच गाडी विकून टाकली. त्यानंतरच्या पाडव्याला पुतण्यानं आपल्या गाडीवर मैनेला न्यायचं ठरवलं. मैना दारातच उभी. दुसरा पुतण्या आला, तिसरा आला. मैनेनं रवंथ केला, शेण टाकलं आणि आत निघून गेली. गल्लीत लोक हसले. आप्पा कॉटवर बसून खिडकीतनं बघत होते.

तेव्हापासून माणूस खचला. या दिवाळीच्या तोंडावर त्यांनी सांगून टाकलं, ‘पाडवा झाला की कुरुंदवाडचा हेडी येतोय. मैना द्यायची, बाकीच्या पण द्यायच्या. गोठा बंद.’ हेडी म्हणजे जनावरांचा व्यापारी. आक्का रडल्या. आप्पा म्हणाले, ‘जी म्हैस माझ्या मागं येत न्हाय, ती माझी कशानं?’

त्यात पोराची भर. संग्राम, आप्पांचा एकुलता एक. पुण्यात कॉम्प्युटरची नोकरी करत होता, आता घरी बसूनच करतो. त्यानं कुणाची तरी जुनी, तांबडी, दोनच माणसं बसतील अशी स्पोर्ट्स कार आणून दारात उभी केली. आप्पा काठी टेकत बाहेर आले, मोटारीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, ‘हिच्यात कडब्याची पेंढी तरी बसती काय?’ संग्राम म्हणाला, ‘आप्पा, ही कडब्यासाठी न्हाय.’ झालं. बापानं पोराशी बोलणं टाकलं. शेजारी शेजारी जेवायला बसून आक्कांच्या तोंडून निरोप चालायचे, ‘त्याला म्हणावं मीठ सरकव.’

संग्राम माझ्याकडं आला तो चालत आला. मोटारीतनं आला असता तर मी आधीच चहा टाकायला सांगितलं असतं.

‘चाचा, एक पाईप मागवलाय. परदेशी हाय. तुम्ही घरी येऊन बसवून द्या.’

‘आरं, मी दुकान सोडलंय. गुडघ्यांनी संप केलाय. आणि मी स्पोर्ट्स कारला कधी हात लावलेला न्हाय.’

‘मी व्हिडिओ बघितलेत सगळे. हात तुमचे, माहिती माझी.’

‘मग व्हिडिओवाल्यालाच बोलव की!’

तो तिथंच उंबऱ्यावर बसला. मग म्हणाला, ‘चाचा, आप्पा माझ्याशी बोलत न्हाईत. पण तुम्ही दारात सायलेन्सर खोलला तर ते आत बसणार न्हाईत. निदान बाहेर तरी येतील.’

आता याला काय नाही म्हणणार? मी हत्यारं काढली.

पहिली पंचाईत, मोटार इतकी बसकी की तिच्याखाली मांजरसुद्धा विचार करून जाईल. जॅकवर उचलून खाली झोपायचं मी सपशेल नाकारलं. जॅक घसरला तर मिस्त्रीची पोळी होते, हे मी पोरांना जन्मभर शिकवत आलोय. खड्डा पाहिजे. शहरातल्या घरात खड्डा आणायचा कुठनं? मग आक्कांनीच दाखवला. गोठ्यातनं खतखड्ड्याकडं जाणारी नाली, चांगली कमरेएवढी खोल, फरशीची. तिच्या दोन्ही अंगाला चाकं ठेवून मोटार उभी केली की माणूस खाली आरामात झोपतो. आक्कांनी बादल्या ओतून नाली धुतली, पोती अंथरली. मी उतरलो. वर परदेशी मोटार, खाली देशी शेण. कितीही धुतलं तरी वास जात नाही हो त्याचा.

बोल्ट गंजलेले. त्यांना आदल्या दिवशीच तेल पाजून ठेवलं होतं, ते कुरकुरत सुटले. पाईप ज्या रबराच्या कड्यांत लटकतो त्या कड्या काही केल्या निघेनात. मी नालीतनं ओरडलो, ‘आक्का, जरा ओशट काय तरी द्या!’ आक्कांनी धार काढताना सडाला लावायच्या तेलाची वाटी दिली. एक बोट फिरवलं तर कड्या सुळकन सुटल्या.

मग एक वायर आडवी आली. पाईपातच खोचलेली. मी कटर लावला, तर संग्राम आडवा होऊन वरनं किंचाळला, ‘चाचा, त्ये तोडू नका! सेन्सर हाय!’

‘कसला सेन्सर?’

‘धूर हुंगतो आणि इंजिनाला सांगतो.’

‘म्हणजे चहाडखोर.’

‘व्हय, पण त्याच्यावाचून गाडी रुसती.’

मला राग आला. चाळीस वर्षं ज्या हातांनी गाड्या गप्प केल्या त्या हातांना पोरगं थांबवतंय! पण बरोबर तोच होता. वायरीच्या टोकाची टोपी दाबली की ती आपसूक सुटते, हे त्यानं सांगितलं. मी ‘मला माहीत होतं’ म्हणालो. त्यालाही माहीत होतं की मला माहीत नव्हतं. चांगल्या घरचं पोरगं, काही बोललं नाही.

आप्पा ओसरीवर आले होते. खुर्ची टाकून, तोंड दुसरीकडं करून बसलेले. पण कान आमच्याकडं. मी पाना फिरवला की त्यांच्या काठीचं टोक जमिनीवर हलायचं.

जुना पाईप खाली आला. नवा पाईप आणा म्हटलं तर संग्राम आतनं घेऊन आला. काय तो चकाचक! आरसाच. आणि मधोमध आक्कांची पाच बोटं, तेल-हळदीची, वर कुंकू. घरात नवी वस्तू आली, आक्का ती कोरडी कशी येऊ देतील? खरं तर असा पाईप चढवण्याआधी स्पिरिटनं पुसायचा असतो. साधा बोटाचा ठसासुद्धा तापल्यावर त्यात भाजून कायमचा बसतो. पण आक्का समोर पदर सावरून उभ्या होत्या. सवाष्णीनं लावलेली हळद पुसायला मी हात कसा उचलू? तसाच चढवला. पुंगळीचा स्क्रू मात्र घट्ट आवळला. संग्राम म्हणाला, ‘चाचा, ती काढून ठेवूया की.’ मी म्हणालो, ‘तू रोडरोलर बघितलायस का कधी? मी बघितलाय.’

मी नालीतनं वर आलो, हात धुतले आणि स्वतः मोटारीत बसलो. बसलो म्हणजे काय, पडलो. ती खुर्ची हाय का खाटेची झोळी!

सायलेन्सर बसवल्यावर मी एका ठरावीक पद्धतीनं आवाज घेतो. दोनदा हलका, एकदा मोठा, आणि मग पाय काढून गप्प बसायचं. त्या शांततेत कान द्यायचा : कुठं फुसफुसतंय का, कुठं खुळखुळतंय का. उभा जन्म मी असंच केलं. हात आपोआप, पाय आपोआप.

घूं. घूं. घूंऽऽऽम. आणि गप्प.

पहिल्यांदा धूर आला. पिवळा, हळदीचा, देवघरासारख्या वासाचा. संग्राम ‘आग! आग!’ करत पाण्याची बादली घेऊन धावला. मी ओरडलो, ‘आरं, तुझ्या आईचा आशीर्वाद जळतोय, पाणी टाकू नको, पाईप तडकंल!’ या गडबडीत गोठ्यात काहीतरी ताडकन तुटलं.

मैना. दावं तोडून बाहेर आली. धुरातनं थेट मोटारीच्या मागं येऊन उभी राहिली, मान पुढं काढून, नाकपुड्या फुगवून. पाडव्याला आप्पांच्या गाडीमागं उभी राहायची अगदी तशी. तेव्हा माझ्या टाळक्यात उजेड पडला. आप्पा वर्षानुवर्षं माझ्या दुकानात शेजारी उभं राहून आवाज लावून घ्यायचे. दोनदा हलका, एकदा मोठा, मग गप्प. तीच खूण त्यांच्या हातून, त्यांच्याही नकळत, मैनेला लागली होती! पुतण्यांनी नुसती बोंब मारली होती, खूण कुणी दिलीच नव्हती.

ओसरीवर आप्पा उभे राहिले होते. काठी खाली पडलेली. मला वाटलं आता बोलतील. पण ते वळले आणि आत गेले.

दुसऱ्या दिवशी आक्कांचा फोन. ‘मिस्त्री, ह्यांनी इचारलंय, त्या मोटारीत मोडक्या खुब्याचा माणूस बसतोय काय?’

पाडव्याला मी सकाळीच त्यांच्या गल्लीत जाऊन उभा राहिलो. आप्पांना मोटारीत बसवणं हे पाईप बसवण्यापेक्षा अवघड काम. दोघांनी धरलं, एकानं पाय वळवला, आक्का बाहेरनं सूचना देत होत्या. एकदाचे बसले. फेटा छताला लागला म्हणून खिडकीतनं डोकं बाहेर. मोटारीच्या नाकावर झेंडूची माळ. मागं मैना, शिंगांना गुलाबी रंग, मोरपिसं डोलत होती. सगळी गल्ली गोळा झालेली. आणि गर्दीत, पांढरा पटका बांधून, कुरुंदवाडचा हेडी. एक दिवस आधीच आला होता माणूस.

संग्रामनं चावी फिरवली आणि घाबरून पाय असा दाबला की मोटार नुसती किंचाळत सुटली. मैना हलेना. पोरगं आणखी दाबतंय. मैनेनं तोंड फिरवलं. कुणीतरी ओरडलं, ‘आप्पा, म्हशीला ड्रायव्हर पसंत न्हाय!’ हशा झाला. हेडी मिशीवरनं हात फिरवायला लागला. मी गर्दीतनं पुढं घुसायला लागलो, खूण सांगायला. पण तोवर आप्पांनी डोकं आत घेतलं होतं. मोटार दारात आल्यापासून पहिल्यांदा ते पोराकडं वळून बोलले, आणि बोलले ते असे की सगळ्या गल्लीनं ऐकलं :

‘आरं बोंबलतोयस काय गाढवा! ती काय भैरी हाय? दोनदा हळू. एकदा जोरात. मग पाय काढ आणि गप बस!’

संग्रामनं ऐकलं. दोनदा हळू. एकदा जोरात. मग गप्प.

सगळी गल्ली पण गप्प.

आणि मैना निघाली. आधी चालत, मग दुडक्या चालीनं, मग मोरपिसं आडवी करत अशी सुटली की लोक भिंतीला चिकटले. पुढं तांबडी मोटार, खिडकीतनं आप्पांचा फेटा, मागं मैना. आप्पा ओरडत होते, ‘हुर्रऽऽ! ये माझे बाई, ये!’ आक्का पदरानं डोळे पुसत होत्या आणि शेजारणीला सांगत होत्या, धूर गेला डोळ्यांत म्हणून. मी पण तेच सांगितलं.

गल्लीच्या टोकाला गतिरोधक. बसकी मोटार त्यावर चढली आणि पोट टेकून बसली. कर्रकन आवाज झाला, आणि माझा नवा पाईप रबरासकट खाली लोंबायला लागला. संग्रामनं कपाळाला हात लावला. मैना येऊन थांबली. पुढं गेली, मोटारीच्या नाकावरची झेंडूची माळ ओढून सावकाश खाल्ली, आणि मग खिडकीत तोंड घालून आप्पांचा गाल चाटला, फेट्यापासून हनुवटीपर्यंत. आप्पांनी डोळे मिटून घेतले होते.

हेडी गर्दीतनं पुढं आला. मैनेच्या पाठीवर हात टाकून म्हणाला, ‘आप्पा, जनावर झकास. आजच घेऊन जातो.’

आप्पांनी डोळे उघडले. एका हातानं मैनेचं शिंग धरलं आणि म्हणाले, ‘पावणं, म्हैस इकायची न्हाय. न्यायची आसली तर मोटार घेऊन जावा.’

गल्ली हसायला लागली. हेडी पक्का धंदेवाला. त्यानं सवयीनं मोटारीभोवती फेरी मारली, वाकून खाली लोंबणारा पाईप बघितला आणि मान हलवली. ‘नको आप्पा. पोट सुटलंय हिचं. आणि खायाला पण लई लागत आसंल.’

‘व्हय,’ संग्राम म्हणाला. तो हसत होता का रडत होता, कुणास ठाऊक. ‘पण तिला खायाला मी घालतो. आप्पा, तुम्ही फकस्त शेजारी बसत जावा.’

आप्पांनी शिंग सोडलं, गाल पुसला आणि समोर बघत म्हणाले, ‘बसतो. पण आधी मला हितनं बाहेर काढा रं कुणीतरी.’